तहानेची मतं

दुपारी चार-साडेचारच्या सुमाराला मी मैत्रिणीला फोन करून एका तिसऱ्याच माणसाबद्दल तक्रार करत होते. तक्रार कामाची होती. ठरलेली गोष्ट त्याने न सांगता बदलली होती आणि विचारल्यावर "मला वाटलं तुला माहीत असेल" असं म्हणून मोकळा झाला होता. मी अगदी मुद्देसूद बोलत होते. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, मागच्या वर्षीचा एक दाखला, मग त्याच्या एकंदर स्वभावाबद्दल चार वाक्यं, आणि त्याच ओघात, हल्ली माणसं अशीच झाली आहेत, कुणाला कुणाची पडलेली नाही, वगैरे. मैत्रीण ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "सकाळपासून पाणी किती प्यायलीस गं?"

प्रश्न झोंबला. मी एका माणसाच्या वागण्याबद्दल बोलत होते आणि हिने तो माणूस बाजूला ठेवून माझी नाडी धरली होती. आपण मांडलेल्या विचाराला कुणी लक्षण समजावं, यासारखा अपमान नाही. तरी नजर टेबलाकडे गेलीच. बाटली सकाळी भरून ठेवली होती, ती गळ्यापर्यंत तशीच. तिला खोटं पाडायचं म्हणून मी झाकण उघडलं आणि फोन कानाला लावूनच चार-पाच घोट घेतले. पुन्हा बोलायला लागले तेव्हा आवाज खाली आला होता. पहिला मुद्दा तसाच होता. तो आजही तसाच आहे, त्या माणसाने जे केलं ते चुकीचंच होतं. दुसराही बऱ्यापैकी शाबूत होता. पण मागच्या वर्षीचा दाखला अचानक ओढूनताणून आणलेला वाटला, आणि 'हल्ली माणसं अशीच' हे तर मला पुन्हा तोंडातून काढवेना. थोड्या वेळापूर्वी हे सगळं मला एकसंध आणि सारखंच खरं वाटत होतं. त्यातलं काही पाण्यात विरघळलं, काही विरघळलं नाही.

विरघळलं ते कुणाचं मत होतं?

या प्रश्नाने पुढे कितीतरी दिवस माझा पिच्छा सोडला नाही. शरीराने मागणी करायची आणि ती मी ऐकायची, इथपर्यंत काही तक्रार नाही. भूक लागते, झोप येते, पाय दुखतात; या गोष्टी स्वतःच्या नावाने येतात. तहानही येते, पण कामात गढलेल्या माणसाकडे ती अनेकदा दुसऱ्याच कुणाचं नाव सांगत येते. घसा कोरडा पडल्याचं कळायच्या आधी समोरचा माणूस मंद वाटायला लागतो. पुढ्यातला कागद किचकट वाटतो. खोलीतला दिवा डोळ्यांत खुपतो. कुणीतरी चमचा जोरात ठेवला की वाटतं, मुद्दामच ठेवला. यातल्या एकाही गोष्टीवर 'पाणी' असं लिहिलेलं नसतं. प्रत्येकीला स्वतःचं कारण असतं, बाहेरचं, पटण्याजोगं.

शरीराची यंत्रणा खरं तर विलक्षण काटेकोर आहे. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या आसपास, काही पेशी सतत रक्त किती दाट, किती खारट झालंय हे जोखत बसलेल्या असतात. मेंदूचा बाकीचा भाग रक्तापासून एका पहाऱ्यामागे राखलेला असतो. या पेशी मुद्दाम त्या पहाऱ्याबाहेर, रक्ताच्या थेट संपर्कात आहेत. एक-दोन टक्क्यांचा फरकही त्यांना पुरतो. आजूबाजूचं द्रव खारट झालं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, पेशी आक्रसते, आणि हे आक्रसणं हीच तिची ओरड. मग व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं आणि मूत्रपिंडांना सांगतं, पाणी सोडू नका, परत घ्या. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत घेतात. आपण दिवसभरात बाहेर टाकतो ते दीड-दोन लिटर. एवढ्या मोठ्या उलाढालीचा हिशोब आयुष्यभर आपल्याला न विचारता चाललेला असतो. अशा पेशी असाव्यात हा अंदाज पहिल्यांदा नीट मांडला तो अर्नेस्ट व्हर्नी या इंग्रज शास्त्रज्ञाने, १९४७ साली, कुत्र्यांवरच्या प्रयोगांवरून. पुढे काही वर्षांतच स्वीडनमध्ये बेंग्ट अँडरसन यांनी बकऱ्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये अगदी थोडंसं तीव्र मिठाचं पाणी सोडलं, आणि ज्या बकऱ्यांना तहान लागायचं काहीच कारण नव्हतं त्या भराभरा पाणी प्यायला लागल्या. त्या बकऱ्यांचा मी बराच विचार केला. त्यांना काय वाटलं असेल? आपण तहानलेलो आहोत अशी त्यांची पक्की खात्री झाली असणार. डोक्यात खारट थेंब सोडणारा माणूस त्यांच्या खिजगणतीतही नसेल.

आणि हेच व्हॅसोप्रेसिन आणखीही एक काम करतं, जे मला बरंच नंतर कळलं. ताणाच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल वाढवणारी जी साखळी सुरू होते, तिला हे संप्रेरकही ढोसणी देतं. म्हणजे पाणी राखणारा आणि ताण वाढवणारा निरोप्या काही अंशी एकच. ही गोष्ट वाचली तेव्हा मला माझ्या दुपारच्या आवाजाची पट्टी आठवली.

मोजमाप करणाऱ्यांनीही हे तपासलेलं आहे. २०११ आणि २०१२ साली अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठातल्या संशोधकांच्या दोन अभ्यासांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, एक तरुण पुरुषांवरचा, एक तरुण स्त्रियांवरचा. त्यांना ट्रेडमिलवर चालवून, काही वेळा लघवी वाढवणारं औषध देऊन, शरीरातलं पाणी जरासं कमी केलं. जरासं म्हणजे पुरुषांमध्ये सरासरी वजनाच्या १.५९ टक्के, स्त्रियांमध्ये १.३६ टक्के. सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत हे साधारण एक लिटर झालं. उन्हात कष्टाचं काम केलं तर तासाभरातही एवढा घाम जाऊ शकतो. पुरुष सतत लक्ष ठेवायच्या कामात जास्त चुकले, त्यांची तात्पुरती स्मरणशक्ती संथ झाली, थकवा आणि अस्वस्थता वाढली. स्त्रियांच्या बाबतीतला निकाल मला जास्त बोलका वाटतो. त्यांची बौद्धिक कामगिरी फारशी बिघडलीच नाही. बिघडला तो मूड. डोकं दुखायला लागलं, लक्ष लागेना, आणि समोरचं काम जास्त अवघड *वाटायला* लागलं. कामं तीच होती, बऱ्याच अंशी तशीच पारही पडत होती. फक्त प्रत्येक पायरी उंच झाली होती. (यावरून बायका अशा आणि पुरुष तसे, असं काही काढू नये, माणसं प्रत्येकी पंचवीसच्या आसपास होती.)

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या एका गटाने काही किशोरवयीन मुलांना घाम येईल असा व्यायाम करायला लावला आणि मग एमआरआय यंत्रात झोपवून कोडी सोडवायला दिली. मुलांनी कोडी नेहमीसारखीच सोडवली. पण त्यासाठी मेंदूच्या पुढच्या आणि वरच्या भागातली हालचाल वाढलेली दिसली. उत्तर तेच, खर्च जास्त. मला वाटतं मूड ही त्या वाढीव खर्चाची पावती असते. आपल्याला खर्च दिसत नाही, पावती दिसते, आणि ती आपण समोर जो असेल त्याच्या हातात ठेवतो.

शाळेतल्या परीक्षा आठवल्या. तीन तासांचा पेपर, आणि मध्ये उठायची वेळ येऊ नये म्हणून सकाळपासून पाणी जेमतेम. हा हिशोब आम्हाला कुणी शिकवला नव्हता, सगळ्या मुली आपोआप करायच्या. पहिल्या तासाला अक्षर चांगलं, दुसऱ्या तासाला पेन घट्ट धरलेलं, आणि शेवटच्या तासाला पेपर काढणाऱ्याबद्दल एक थंड, वैयक्तिक द्वेष. जीभ टाळूला चिकटायची. प्रश्न वाचून संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला व्हायची, मग पुन्हा वाचायचा. गर्दीने तापलेली खोली, बाकाच्या लाकडाला आलेला घामाचा ओलसर वास, पर्यवेक्षक बाईंच्या चपलांचा आवाज. बाहेर आल्यावर आम्ही नळाखाली ओंजळ धरायचो आणि पाचेक मिनिटांत एकमेकींना म्हणायचो, तो शेवटचा प्रश्न इतका काही कठीण नव्हता गं. ही हळहळ पेपर झाल्यावरचीच, दरवेळची. आम्ही तिचा दोष अभ्यासाला द्यायचो, घाबरण्याला द्यायचो. थोडा पाण्यालाही द्यायला हरकत नव्हती.

पाणी न पिणं हे नेहमी विसरणं नसतं, हे मला त्या मुलींमुळे कळतं. जिथे स्वच्छ शौचालय हाताशी नाही तिथे बाई दिवसभर घोट मोजते. लांबच्या रस्त्यावरचा ड्रायव्हर गाडी थांबवायला नको म्हणून पीत नाही. लागोपाठ तास घेणारी शिक्षिका, अंगभर बंद कपडे चढवून काम करणारी परिचारिका, यंत्राशेजारून हलायची मुभा नसलेला कामगार, यांची तहान त्यांच्या वेळापत्रकात बसत नाही. २०१५ साली इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी अकरा जणांना गाडी चालवण्याच्या कृत्रिम यंत्रावर दोन तास कंटाळवाणा रस्ता चालवायला लावला. एकदा पुरेसं पाणी देऊन, एकदा अगदी थोडं. पाणी कमी मिळालेल्या दिवशी लेनची रेघ ओलांडणं, उशिरा ब्रेक लावणं अशा चुका दुपटीहून जास्त झाल्या. अकरा ही संख्या लहान आहे, मान्य. पण अशी माणसं संध्याकाळी घरी चिडचिडी होऊन येतात, तेव्हा आपण त्यांच्या स्वभावाबद्दल बोलतो. दिवसभरात त्यांना एकदाही नळापर्यंत जाऊ न देणाऱ्या व्यवस्थेच्या स्वभावाबद्दल कुणी बोलत नाही.

तहानेमुळे डोकं फिरतं ही गोष्ट वाळवंटातल्या लोकांना प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी माहीत असणार. पण तिची पायरी-पायरीने नोंद केली डब्ल्यू. जे. मॅकगी या अमेरिकन संशोधकाने. १९०५ च्या उन्हाळ्यात ते अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, तिनाहास आल्तास नावाच्या पाणवठ्याजवळ मुक्काम करून होते. पाब्लो वॅलेन्सिया नावाचा एक माणूस सोन्याच्या शोधात निघून वाट चुकला आणि जवळजवळ सात दिवसांनी, उघडा, काळवंडलेला, ओठ नाहीसे झालेला, त्यांच्या तळाजवळ पोचला. त्याच्याजवळचं पाणी पहिल्या एक-दोन दिवसांतच संपलं होतं. तो वाचला. मॅकगी यांनी पुढच्या वर्षी त्या प्रसंगावर निबंध लिहिला आणि तहानेच्या पायऱ्या लावल्या. शेवटच्या पायऱ्या वाचताना अंगावर काटा येतो. जीभ आकसून कडक होते, पापण्या चिरतात. मला थबकायला लावलं ते पहिल्या पायरीने. तिथे अजून काहीही भयंकर घडलेलं नाही. माणूस फक्त कुरकुर करतो. त्रासिक होतो, तक्रारी सांगतो, भांडतो. ज्या शिडीच्या वरच्या टोकाला मरण आहे, तिच्या पहिल्या पायरीवर माझं दुपारचं बोलणं बसलेलं होतं, एका वातानुकूलित खोलीत, भरलेल्या बाटलीपासून हातभर अंतरावर.

इथवर गोष्ट सरळ दिसते. पाणी कमी, डोकं गरम. पाणी प्यायलं, डोकं थंड. पण त्या दुपारचा एक तपशील यात बसत नाही, आणि तो मला जास्त आवडतो.

मी चार-पाच घोट प्यायले आणि लगेच निवळले. लगेच म्हणजे मैत्रिणीचं पुढचं वाक्य संपायच्या आत. प्यालेलं पाणी पोटातून आतड्यात उतरून रक्ताचा खारटपणा बदलायला निदान दहा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे माझ्या मेंदूपर्यंत अजून एक थेंबही पोचलेला नव्हता. मग कशाने बरं वाटलं? याचं एक उत्तर उंदरांकडून आलं आहे. २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या तहानेच्या पेशी प्रत्यक्ष चालू असताना पाहिल्या. उंदीर प्यायला लागला की मिनिटाभरात त्या पेशी शांत होतात, रक्तात काही बदल व्हायच्या कितीतरी आधी. तोंडात आणि घशात काय चाललंय यावरून त्या अंदाज बांधतात की आता पाणी येणार, पुरेसं येणार. पाणी न देता तोंडाला नुसता गार धातू लावला तरी त्यांचा गोंधळ जरा कमी होतो. थंड पाण्याचा पहिला घोट इतका सुखाचा का असतो, याचं थोडं तरी स्पष्टीकरण मला त्यात मिळालं. ती तृप्ती आलेल्या पाण्याची नसतेच. ती उधारीवरची असते, आणि मेंदू ती बिनदिक्कत देऊन टाकतो.

दुसरं उत्तर त्याहून साधं आहे. गिळताना श्वास क्षणभर थांबतो. गिळणं आणि बोलणं एकाच वेळी जमत नाही, हुंदका आणि घोटही एकाच वेळी जमत नाही. रडणाऱ्या माणसापुढे कुणीतरी पेला धरतं तेव्हा त्या पाण्यात औषध नसतं. पण पेला दोन्ही हातांनी धरायचा, ओठाला लावायचा, गिळायचं, पुन्हा गिळायचं, यात हुंदक्यांची लय मोडते. माझ्या तक्रारीचीही मोडली. शिवाय पलीकडे मैत्रीण थांबली होती. तिने घाई केली नाही. पाणी, थंडावा, गिळण्याचा विराम, आणि मी प्यावं म्हणून कुणीतरी थांबणं. यातलं नक्की कशाने काम केलं हे मला वेगळं काढता येत नाही. संशोधकांनाही ते सोपं जात नाही. ज्याला पाणी द्यायचं नाही त्याला ते कळतंच, आणि दिवसभर पाणी नाकारलेला माणूस नुसत्या नाकारण्यानेही वैतागेल. साखरेची गोळी औषध म्हणून देता येते. पाण्याऐवजी काय द्यावं? २०१८ साली तेहेतीस अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की दोन टक्क्यांहून जास्त पाणी कमी झालं तर लक्ष, नियोजन आणि हातापायांचा मेळ यांवर परिणाम दिसतो. त्याखालच्या पट्ट्यात, म्हणजे जिथे आपल्यापैकी बहुतेक जण बहुतेक दुपारी असतात, चित्र धूसर आहे. मूड हलतो हे बऱ्याचदा दिसतं. बुद्धी किती हलते यावर एकमत नाही. मला हा धूसरपणा प्रामाणिक वाटतो.

याउलट रोज आठ पेले पाणी पिण्याचं व्रत मात्र मला कधीच पटलं नाही. त्याचं मूळ शोधणाऱ्यांचं बोट बहुधा १९४५ सालच्या एका अमेरिकन शिफारशीकडे जातं. तिच्यात दिवसाला अडीच लिटरचा आकडा होता, आणि लगेच पुढे, यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं, असंही होतं. ते वाक्य लोकांनी सोडून दिलं. हाइन्झ व्हॉल्टिन या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने २००२ साली या आठ पेल्यांना शास्त्रीय आधार शोधायचा प्रयत्न केला, आणि निरोगी माणसासाठी तो त्यांना सापडला नाही. चहा-कॉफीने शरीर सुकतं, हेही नेहमीच्या प्रमाणात घेणाऱ्याच्या बाबतीत खरं नाही. आणि जास्त पाणी म्हणजे जास्त शहाणपण असंही नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम धोक्याच्या रेषेखाली उतरलं होतं, तिघांचं तर प्राणावर बेतेल इतकं. आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांना, म्हणजे घामापेक्षा पाणी जास्त प्यालेल्यांना, धोका अधिक होता. अशा वेळी मेंदूच्या पेशी फुगायला लागतात. लक्षणं कोणती? डोकेदुखी, गोंधळ, चिडचिड. दोन्ही टोकांना तेच.

ज्यांना तहान लागल्याचं कळतं त्यांचं निभावतं. आमच्या आत्याला कळेनासं झालं होतं.

ती ऐंशीच्या पुढची. एका उन्हाळ्यात तिला साधा ताप आला, खाणं कमी झालं, आणि तिसऱ्या दिवशी तिने मला माझ्या आजीच्या नावाने हाक मारली. मग म्हणाली, खिडकीत माणसं उभी आहेत, त्यांना बसायला सांग. आवाज तिचाच होता, आतिथ्यही तिचंच, फक्त माणसं नव्हती. घरात सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली आणि कुणी ती बोललं नाही. हे असंच राहणार, आता ही आपल्याला ओळखणार नाही, असं धरून मी त्या रात्री मनातल्या मनात तिचा निरोपही घेऊन टाकला. दवाखान्यात डॉक्टरांनी तिची जीभ पाहिली. ती चिरा पडलेली, कोरडी खडखडीत होती. रक्तात सोडियम वाढलेलं निघालं. सलाइन लावलं, थेंब थेंब, मुद्दाम सावकाश, कारण हे पाणी घाईने भरलं तर मेंदूला उलटं बाधतं. पहिली रात्र ती कुणाकुणाशी बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि माझं नाव घेऊन विचारलं, "हा दिवा दिवसाढवळ्या कशाला चालू ठेवलाय?"

म्हातारपणी तहानेचा हा पहारेकरी पेंगतो, हे मी नंतर वाचलं. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६७ ते ७५ वयाच्या सात निरोगी पुरुषांना आणि सात तरुणांना चोवीस तास पाण्याविना ठेवलं होतं. वृद्धांचं रक्त जास्त दाट झालं होतं, तरी त्यांना फारशी तहान वाटली नाही, तोंड कोरडं पडल्याचंही जाणवलं नाही. पाणी समोर ठेवल्यावर ते तरुणांपेक्षा कमीच प्यायले. म्हणजे "मला तहान नाही" असं आत्या सांगायची तेव्हा ती अगदी खरं सांगत होती. आम्ही तिला हट्टी म्हणत होतो.

मात्र त्या आजारानंतर आमच्या घरात एक नवी सवय लागली आणि ती मला खटकते. आत्या कशावरही चिडली की कुणीतरी म्हणतं, आधी पाणी द्या तिला. ती एखाद्या गोष्टीवर ठामपणे बोलायला लागली की दोघं एकमेकांकडे पाहतात. तिचं प्रत्येक मत आता संशयित झालं आहे. ती वाक्य पूर्ण करायच्या आत तिच्या पुढ्यात पेला येतो आणि तिला ते कळतं. एवढ्या-तेवढ्याने तिचा चेहरा पडत नाही, पण त्या वेळी पडतो. त्या दुपारी फोनवर मला झोंबलेला प्रश्न तिला दिवसातून अनेकदा झेलावा लागतो, तोही प्रश्न म्हणून नाही, निकाल म्हणून. तरी पेला पुढे न करूनही चालणार नाही. ती रात्र मी पाहिली आहे.

म्हणून आता मी पाणी वेळेवर देते, रागावर नाही. सकाळी उठल्यावर, औषधांबरोबर, दुपारी, दिवेलागणीच्या आधी. ती खुशीत असली तरी आणि नसली तरी. वैतागते, पण पिते. परवा तिचं खोलीच्या खिडकीवरून चाललं होतं. कडी नीट लागत नाही, वाऱ्याने रात्रभर पल्ला आपटतो, तिला झोप लागत नाही, आणि हे ती दोन आठवडे सांगते आहे. तेवढ्यात दुपारच्या पाण्याची वेळ झाली. मी पेला दिला. तिने तो माझ्याकडे बघत, न थांबता, पूर्ण रिकामा केला आणि टेबलावर ठेवला.

"झालं पिऊन," ती म्हणाली. "आता चल, कडी बघ."

मी जाऊन पाहिलं. कडीचा खालचा स्क्रू निघून पडला होता.